शाळा आमची, मग मास्तर बाहेरचा कशाला?

डीएड करून बसलेली मुलंमुली आमच्या तळकोकणात गावोगाव आहेत. कोणी काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितं, कोणी रोज गोव्याला कंपनीत जाऊन येतं, कोणी लग्न होऊन संसाराला लागलं आणि प्रमाणपत्रं ट्रंकेत गेली. शिक्षकभरतीची बातमी आली की ही सगळी पुन्हा एकत्र येतात, आणि दर वेळी मागणी एकच असते: जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या जागा जिल्ह्यातल्याच उमेदवारांना द्या. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे मोर्च्याआधी किंवा मोर्च्यानंतर त्यांच्यातली काही मंडळी माझ्याकडे येतातच. या वेळच्या घोळक्यात एक मुलगी होती, काखेत वर्षाचं बाळ. बाकीचे निवेदनाचा मसुदा दाखवत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, शाळा आमची, पोरां आमची, मगे मास्तर भायरचो कित्याक?"

तिला मी जे सांगितलं ते आज सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, आणि सभांमधून त्याला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा अर्धवट असतं.

पहिली गोष्ट, तक्रार खरी आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक हा जिल्हा संवर्गातला कर्मचारी, पण त्याची निवड राज्यभरातून होते. 2017 पासून अभियोग्यता चाचणी आणि भरतीसाठीचं 'पवित्र' हे सरकारी पोर्टल आलं. राज्यात कुठेही राहणाऱ्याने परीक्षा द्यायची, गुणांप्रमाणे पसंतीक्रम भरायचा. कोकणात जागा रिकाम्या असतात म्हणून मराठवाड्यातली, सोलापूर-सांगलीकडची मुलं इकडचे जिल्हे भरतात, रुजू होतात, आणि पुढे आंतरजिल्हा बदलीची यादी निघाली की आपल्या गावाकडे परततात. नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता तळाला जाते, तरीही जातात. त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. घाटाच्या पायथ्याच्या वाडीत, पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसताना, बायको परभणीत आणि आईवडील आणखी कुठे, अशा अवस्थेत कोण किती वर्षं काढील? पण तो गेला की मागे शाळा उरते. पटावर दोन शिक्षक, हजर एक. तो एकटाही कधी केंद्रावरच्या बैठकीला, कधी मतदार यादीच्या कामाला गेलेला, आणि चार इयत्तांची मुलं पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंच्या नजरेखाली पाढे म्हणत बसलेली. हे मी पाहिलं आहे. पालकांनी वर्गणी काढून गावातल्याच डीएड झालेल्या मुलीला शिकवायला ठेवलं, असंही पाहिलं आहे. तिला महिन्याला जे मिळत होतं ते लिहायची मला लाज वाटते.

म्हणजे शिकवायला ती चालते, नेमायला चालत नाही. हा राग मला समजतो.

आता कायदा. राज्यघटनेच्या बाराव्या अनुच्छेदात 'राज्य' म्हणजे कोण, ते सांगितलं आहे आणि त्यात स्थानिक प्राधिकरणं येतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद, सगळी 'राज्य' आहेत. सोळाव्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी हवी, आणि त्याच्या दुसऱ्या खंडात सात कारणं मोजून दिली आहेत ज्यांच्यावरून भेदभाव करता येत नाही: धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास. मला नेहमी विचारतात, "मग एमबीबीएसच्या प्रवेशाला राज्याचा कोटा कसा चालतो?" तो चालतो कारण पंधराव्या अनुच्छेदाच्या यादीत निवास हे कारण नाही. सोळाव्यात ते आहे. नोकरीसाठी घटनाकारांनी ते मुद्दाम घातलं.

घातलं ते वाद करूनच. 30 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. निवासाची अट पूर्ण काढली तर प्रांतांचं काय, हा प्रश्न तेव्हाही होता, कारण अनेक प्रांतांत नोकरीसाठी काही वर्षांच्या वास्तव्याचे नियम आधीच होते. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी दुरुस्ती मांडली की अशी अट घालायचीच असेल तर ती संसदेने घालावी. डॉ. आंबेडकरांनी ती उचलून धरली, आणि तेव्हा ते जे बोलले ते आमच्या मोर्च्यातल्या कोणत्याही भाषणात शोभेल. या प्रांतातून त्या प्रांतात उडत येणारे, जिथे आले तिथे मूळ नसलेले, तिथल्या मातीशी संबंध नसलेले लोक नुसते यायचे, अर्ज करायचे, चांगली फळं तोडायची आणि निघून जायचं, हे आपण चालू देऊ शकत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. म्हणून थोडी मर्यादा हवी. पण ती मर्यादा देशभर एकसारखी असावी, म्हणून अधिकार संसदेकडे. सोळाव्याचा तिसरा खंड तो हाच.

ही चर्चा मी त्या मुलांना वाचून दाखवली तेव्हा सगळे सरसावून बसले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं ज्यांचं मूळ, त्यांनीच आपली बाजू घेतली असं त्यांना वाटलं. त्यांना पुढचं ऐकवणं भाग होतं.

संसदेने 1957 साली निवासाच्या अटींबाबत कायदा केला आणि राज्यांमधले तसले जुने नियम रद्द केले. अपवाद ठेवले ते हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा आणि तेलंगणा भागाचे, तेही मुदतीचे. तेलंगणाचा अपवाद 1969 साली नरसिंह राव विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. कारण असं की तिसरा खंड संसदेला राज्यात राहण्याची अट घालायची मुभा देतो, राज्याच्या एखाद्या तुकड्यात राहण्याची नाही. म्हणजे आमच्या मागणीचा विचार केला तर जिल्हा हा विषय त्या खंडाखाली संसदेच्याही हातात येत नाही, मुंबईतल्या मंत्र्याच्या हातात कुठून येणार? आंध्रासाठी मग घटनादुरुस्ती करून 371-डी हा अनुच्छेद घालावा लागला, 1973 ची बत्तिसावी दुरुस्ती. हैदराबाद-कर्नाटकासाठी 371-जे आला तोही घटनादुरुस्तीनेच.

आमच्या प्रश्नाला अगदी तंतोतंत लागू पडणारा निकाल 2002 चा आहे, कैलाशचंद शर्मा विरुद्ध राजस्थान. तिथल्या जिल्हा परिषदा प्राथमिक शिक्षक भरताना जिल्ह्यातल्या उमेदवाराला दहा आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्याला आणखी पाच जादा गुण देत होत्या. सरकारचं म्हणणं, स्थानिकाला तिथली बोली येते, आणि शहरातला माणूस खेड्यात टिकत नाही. आमच्या निवेदनात हेच दोन मुद्दे होते, जवळजवळ याच शब्दांत. न्यायालयाने दोन्ही नाकारले. पंधरा गुण म्हणजे स्पर्धा परीक्षेत आकाशपाताळाचा फरक, आणि तो फरक कशावर, तर राहण्याच्या ठिकाणावर. पुढे 2022 साली झारखंडच्या तेरा जिल्ह्यांत शिक्षकांच्या सगळ्या जागा स्थानिकांना राखून ठेवल्या होत्या, तेही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं.

त्यामुळे जो पुढारी सभेत सांगतो की आम्ही निवडून आलो की जिल्ह्यातल्या मुलांनाच घेऊ, तो घटनादुरुस्तीबद्दल बोलत नसेल तर मुलांना फसवतो आहे. भरतीची जाहिरात निघेल, एक रिट दाखल होईल, स्थगिती येईल, आणि त्या वर्षातही शाळेला शिक्षक मिळणार नाही. वयोमर्यादा मात्र सरकत राहील.

इथपर्यंत मी वकील म्हणून सांगितलं. यापुढचं माझं स्वतःचं मत आहे, आणि ते त्या दिवशी सगळ्यांना पटलं नाही.

माझे बाबा मालवण तालुक्यातून मुंबईला गेले आणि महापालिकेच्या जलखात्यात लागले. महापालिका म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थाच. लालबागच्या ज्या चाळीत मी वाढले तिथे मजल्यावरच्या बऱ्याच खोल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या होत्या. मालवणचा सिंधुदुर्ग त्यातून वेगळा झाला तो 1 मे 1981 ला. कोणी पालिकेच्या दवाखान्यात वॉर्डबॉय, कोणी बेस्टमध्ये कंडक्टर, कोणी अग्निशमन दलात. गणपतीला सगळे गावी, आणि गावातली घरं उभी राहिली ती त्यांच्या मनीऑर्डरींवर. बाबांना भरतीच्या वेळी कोणी विचारलं असतं, "जन्म कुठला? मुंबईत किती वर्षं?" तर माझं शिक्षण झालं नसतं. कोकणाने पिढ्यानपिढ्या बाहेर जाऊन पोट भरलं. सोळाव्या अनुच्छेदातला 'निवास' हा शब्द काढून टाका म्हणणाऱ्यांत आम्ही असणं मला सहन होत नाही, कारण त्याची सावली सर्वांत आधी आमच्याच माणसांवर होती.

आणि गावातल्या कामावर 'गावचाच' हवा, या कल्पनेचा आमच्याकडचा इतिहासही काही चांगला नाही. सारा वसूल करणारा खोत गावचाच होता. त्याची सत्ता बापाकडून लेकाकडे गेली. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. कायदा होऊन खोती जायला 1949 उजाडलं. वतनं गेली तीही टप्प्याटप्प्याने. ज्या वतनाने माणसाला जातीसकट गावाच्या चाकरीला बांधलं होतं, ते कनिष्ठ गावकामगारांचं वतन 1958 च्या कायद्याने गेलं. याच सुमारास गुंटूर जिल्ह्यातल्या एका गावाच्या मुन्सफपदाचा, म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारख्या पदाचा, वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. गझुला दशरथ रामराव नावाच्या माणसाची नेमणूक मोडून पूर्वीच्या घराण्याच्या वारसाला पद दिलं होतं, कारण मद्रासचा 1895 चा कायदा तसं सांगत होता. न्यायालयाने म्हटलं, गावचं पद हेही राज्याचं पद आहे, आणि कुळावरून निवड करणारी तरतूद घटनेपुढे टिकत नाही. सातातलं पाचवं कारण ते. 'कूळ' आणि 'निवास' एकाच वाक्यात बसले आहेत, आणि गावात राहिलेल्या माणसाला ते का हे समजायला पुस्तक लागत नाही. आमच्या गावात 'आमचो' कोण हे कोण ठरवत आलं आहे, ते ज्यांना कधीच त्यात धरलं नाही त्यांना विचारा.

बाईचं तर आणखी वेगळं. तिचा निवास लग्नाने बदलतो. बाळ घेऊन आलेल्या मुलीला मी विचारलं, तुझं माहेर कुठलं? ती म्हणाली, चंदगड. म्हणजे कोल्हापूर जिल्हा. डीएड तिने तिकडे केलं, रेशनकार्डावर नाव अजून माहेरी. जिल्ह्यातल्यांनाच नोकरी हा नियम उद्या लागू झाला असता तर पहिला आक्षेप तिच्यावर आला असता, आणि तो घेणारे त्या घोळक्यातलेच असते. ती गप्प झाली. मला तिला गप्प करायचं नव्हतं, म्हणून पुढचं बोलणं लांबलं.

बोलीचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. पहिलीतलं मूल मालवणी बोलत येतं आणि बीडची बाई त्याच्याशी पाठ्यपुस्तकातल्या मराठीत बोलते, तेव्हा दोघांचेही पहिले काही महिने कठीण जातात. पण बोली शिकता येते, जन्मगाव शिकता येत नाही. रुजू झालेल्या प्रत्येकाला, मग तो सावंतवाडीचा असो की नांदेडचा, सहा महिन्यांत बोलीची ओळख करून घ्यायची अट घाला, तिचं प्रशिक्षण ठेवा. अशी अट सर्वांना सारखी आणि कामाशी जोडलेली. मला तरी तिच्यात सोळाव्या अनुच्छेदाचा भंग दिसत नाही.

बदलीचंही तेच. अडचण माणूस बाहेरचा असण्याची नाही, तो टिकत नाही ही आहे. मग अट टिकण्याची घाला: ज्या जिल्ह्यात नेमणूक, तिथे अमुक वर्षं सेवा, आणि बदलून जाणाऱ्याच्या जागी दुसरा हजर झाल्याशिवाय त्याला कार्यमुक्त करायचं नाही. ही सेवाशर्त चिपळूणच्या मुलालाही लागेल आणि लातूरच्याही. बदल्यात त्याला राहायला धड खोली द्या. नवरा-बायको दोघं शिक्षक असतील तर पहिल्याच नेमणुकीत जवळच्या शाळा द्या. शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची असतात; 2023 मध्ये ते प्राथमिकला सोळा हजार झालं, त्याआधी सहा हजार होतं. सहा हजारांत घरापासून पाचशे किलोमीटरवर राहणारा माणूस बदलीची वाट पाहील नाही तर काय करील?

आणि सर्वांत मोठं हत्यार निवेदनात कुठेच नव्हतं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 26 सांगतं की शाळेतल्या शिक्षकांच्या रिक्त जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक राहणार नाहीत, हे नेमणूक करणाऱ्या प्राधिकरणाने पाहायचं. त्याच कायद्याच्या अनुसूचीत साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक आहेत. दोन मंजूर आणि एक हजर म्हणजे रिक्त जागा पन्नास टक्के. इथे मागणारा उमेदवार नसून मूल आहे, त्यामुळे निवासाचा प्रश्नच येत नाही. जागा भरा, वेळेवर भरा, एवढंच मागायचं. त्या जागा पूर्ण संख्येने, दरवर्षी निघाल्या तर आमच्या मुलामुलींनाही त्यात गुणांवर जागा मिळतील. आज मध्ये काही वर्षं जाऊन एकदा भरती निघते, तुंबलेली सगळी गर्दी त्या एका दारावर येते, आणि मग आपला-परका सुरू होतं.

भरती का अडते, याची कारणं शोधायला गेलं की बहुतेक वेळा बिंदुनामावलीशी येऊन थांबावं लागतं. कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा भरल्या आणि किती शिल्लक, याची ती नोंदवही. ती मागासवर्ग कक्षाकडून तपासून आल्याशिवाय जाहिरात देता येत नाही. हे कंटाळवाणं काम आहे, त्यावर मोर्चा निघत नाही. पण समान संधी कागदावरून प्रत्यक्षात उतरते ती याच वहीतून. आरक्षित प्रवर्गातल्या मुलाची जागा बदलीने आलेल्याने भरली गेली का, अनुशेष किती, हे तिथेच कळतं.

आता ज्या गोष्टीने मी खरोखर अस्वस्थ आहे ती. निवासाची अट कोकणात किंवा महाराष्ट्रात नाहीच असं नाही. अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी लागते. मदतनीस गावची लागते. आशा कार्यकर्ती गावची लागते. पोषण आहार शिजवणारी बाई गावातलीच. म्हणजे जिथे वेतनश्रेणी आहे तिथे सारं राज्य पात्र, आणि जिथे मानधन आहे तिथे मात्र स्थानिक हवी, आणि ती बहुतेक ठिकाणी बाई. हे टिकतं कसं? 2006 साली कर्नाटकच्या अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे राज्याच्या सेवेतलं नागरी पद नाही. पद नाही, म्हणून सोळाव्याचं संरक्षणही नाही. सकाळी बाळांचं वजन, दुपारी आहार, मग गरोदर बायांच्या घरी फेऱ्या, फोनमध्ये नोंदी, अधूनमधून सर्वेक्षण, आणि कायद्याच्या नजरेत ती स्वयंसेविका. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. पन्नास वर्षं झाली तिला.

यात एक खिडकी उघडली ती 25 एप्रिल 2022 ला. गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातल्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सेविका आणि मदतनीस तेव्हाच्या 1972 च्या उपदान कायद्याखाली ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. नाव मानधन असलं तरी त्या कायद्यापुरतं ते वेतनच. त्याआधी 2000 साली दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदारी बायकांनाही प्रसूती रजेचा हक्क याच न्यायालयाने दिला होता. दोन्ही वेळा समोर स्थानिक कारभारातलं सर्वांत खालचं काम होतं आणि ते करणाऱ्या बायका होत्या.

माझ्याकडे आलेल्या मंडळींचं निवेदन आम्ही मिळून पुन्हा लिहिलं. 'जिल्ह्यातल्यांनाच' हे वाक्य काढायला दोघे शेवटपर्यंत तयार नव्हते. त्यांनी सही केली नाही आणि मी त्यांना आग्रह केला नाही. नव्या निवेदनात कलम 26 आहे, शाळानिहाय मंजूर आणि हजर शिक्षकांचा तक्ता आहे, टिकण्याच्या अटीची मागणी आहे, आणि त्या मुलीच्या आग्रहावरून सेविका-मदतनिसांच्या ग्रॅच्युइटीचा एक परिच्छेद आहे. तिची सासू मदतनीस म्हणून निवृत्त झाली, हे तेव्हा कळलं. तो अर्ज स्वतंत्रपणे ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे करावा लागेल, त्याची कागदपत्रं आम्ही जमवतो आहोत.

रत्नागिरी किंवा रायगडात कोणी आपल्या जिल्ह्याची बिंदुनामावली शेवटची कधी तपासून आली, हे माहितीच्या अधिकारात मागवलं असेल, तर उत्तराची प्रत मला हवी आहे. ज्यांनी अजून मागवलेली नाही त्यांनी अर्जात शाळानिहाय मंजूर पदं, भरलेली पदं आणि आंतरजिल्हा बदलीने रिक्त झालेली पदं अशा तीन वेगळ्या रकान्यांत माहिती मागावी. एकत्र आकडा मागितला की एकत्रच मिळतो, आणि त्यातून कुठल्या वाडीची शाळा किती दिवस एका शिक्षकावर चालली ते कळत नाही.